हान्स पीटर लून

हान्स पीटर लून (जन्म: १ जुलै १८९६, बार्मेन, जर्मनी, मृत्यू: १९ ऑगस्ट १९६४, आर्मोंक, न्यू यॉर्क, अमेरिका) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन अभियंते, संशोधक आणि माहितीशास्त्राचे एक आद्य प्रवर्तक होते. लांबलचक क्रमांक उतरवून घेताना किंवा यंत्रात भरताना होणारी चूक त्या क्रमांकावरूनच ओळखता यावी, यासाठी त्यांनी शोधलेली पडताळणी अंकाची रीत लून सूत्र या नावाने जगभर ओळखली जाते. बँकांची क्रेडिट व डेबिट कार्डे आणि मोबाइल संचांचे ओळखक्रमांक यांच्या शेवटी येणारा अंक याच रीतीने ठरतो. दुकानातील वस्तूंवर छापल्या जाणाऱ्या बारकोडच्या अखेरचा अंकही त्याच तत्त्वावर आधारलेला असतो. मात्र त्याचे गणित वेगळे आहे.

संगणकाच्या स्मृतीतील नोंदी झटपट सापडाव्यात यासाठीची हॅश पद्धती, शीर्षकांतील शब्दांवरून आपोआप तयार होणारी क्विक सूची, लेखांचे यंत्रकृत सारांश आणि वाचकाच्या आवडीनुसार माहिती पोहोचवणारी निवडक माहिती प्रसारण सेवा या कल्पनांच्या जडणघडणीतही लून यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या नावावर ऐंशीहून अधिक पेटंट होती.

जन्म आणि जडणघडण

लून यांचा जन्म जर्मनीच्या पश्चिम भागातील बार्मेन या औद्योगिक शहरात झाला. हे शहर पुढे वुपरटाल या नगराचा भाग बनले. बार्मेन आणि त्याचा परिसर कापड व फितींच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध होता. लून यांचे वडील योहान हे निष्णात मुद्रक होते. घरचा व्यवसाय सांभाळता यावा म्हणून लून मुद्रणाचे शिक्षण घेण्यासाठी स्वित्झर्लंडला गेले. मुद्रणाच्या धंद्यात त्या काळी प्रत्येक अक्षराचा खिळा हाताळावा लागे आणि एक खिळा चुकला तरी मजकूर बिघडे.

पहिल्या महायुद्धामुळे या शिक्षणात खंड पडला. युद्धकाळात लून यांनी जर्मन सैन्यात संदेशवहन अधिकारी म्हणून काम केले. युद्ध संपल्यावर ते मुद्रणाकडे न वळता कापडउद्योगात शिरले आणि त्याच उद्योगाच्या निमित्ताने १९२४ साली अमेरिकेत पोहोचले. पुढील सर्व आयुष्य त्यांनी तेथेच घालवले.

कापडउद्योग आणि लूनोमीटर

कापडाचा दर्जा ठरवताना एका इंचात ताण्याचे व बाण्याचे किती धागे बसले आहेत हे मोजावे लागते. त्यासाठी भिंगाखाली कापड धरून सुईच्या टोकाने एकेक धागा मोजण्याची रीत रूढ होती. हे काम वेळखाऊ, डोळ्यांना शीण देणारे आणि चुकांना वाव देणारे होते. लून यांनी यासाठी एक साधे साधन तयार केले. पारदर्शक पट्टीवर अगदी बारीक रेषा अशा आखलेल्या असत की, त्यांच्यातील अंतर पट्टीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने बदलत जाई. पट्टी कापडावर ठेवली की रेषा आणि धागे एकमेकांवर येऊन सावलीसारखी नक्षी उमटे. ही नक्षी पट्टीवरील ज्या आकड्याशी येऊन मिळे, तीच धाग्यांची संख्या. या साधनाला लूनोमीटर असे नाव मिळाले. त्याचे उत्पादन लून यांच्या निधनानंतरही अनेक दशके चालू राहिले.

एकही धागा न मोजता धाग्यांची संख्या सांगणारी ही पट्टी लून यांच्या विचारपद्धतीचा चांगला नमुना आहे. जे काम माणूस एकेक घटक तपासत करतो, ते एका नजरेत उरकावे यासाठी त्यांनी प्रत्यक्ष वस्तूच्या रचनेचाच उपयोग करून घेतला. क्रमांकांच्या बाबतीत त्यांनी पुढे हेच केले.

यानंतर लून यांनी स्वतंत्र अभियांत्रिकी सल्लागार म्हणून व्यवसाय केला. या काळात त्यांनी अत्यंत भिन्न विषयांवर पेटंट मिळवली. घडी घालता येणारा पावसाळी कोट आणि घरात असलेल्या पेयांवरून कोणते मिश्रपेय करता येईल हे दाखवणारे फलक अशा वस्तूंचा त्यांत समावेश होता.

आयबीएममधील कार्यारंभ

१९४१ साली लून इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स, म्हणजेच आयबीएम या कंपनीत ज्येष्ठ संशोधन अभियंता म्हणून रुजू झाले. त्या वेळी त्यांचे वय पंचेचाळीस वर्षांच्या आसपास होते. कंपनीचा मुख्य व्यवसाय छिद्रित कार्डांवर चालणाऱ्या यंत्रांचा होता. जाड कागदाच्या कार्डावर ठरावीक जागी भोके पाडून माहिती नोंदवली जाई आणि यंत्रे ती कार्डे वाचून त्यांची वर्गवारी, मोजणी व बेरीज करीत.

१९४७ साली जेम्स पेरी व माल्कम डायसन या रसायनशास्त्रज्ञांनी आयबीएमपुढे एक अडचण मांडली. रासायनिक संयुगांची संख्या झपाट्याने वाढत होती. संयुगांची रचना सांकेतिक रूपात लिहिण्याची पद्धत तयार झाली होती. परंतु हजारो संकेतांमधून हवी ती रचना शोधून देणारे यंत्र नव्हते. हे काम लून यांच्याकडे आले. त्यांनी छिद्रित कार्डांवरील नोंदी प्रकाशाच्या साहाय्याने तपासणारे एक शोधयंत्र तयार केले. ते लून स्कॅनर या नावाने ओळखले गेले. या कामामुळे लून माहितीचा साठा व शोध या विषयाकडे वळले. पुढे ते कंपनीच्या माहितीशोध संशोधन विभागाचे प्रमुख झाले.

पडताळणी अंकाचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बँका, विमा कंपन्या, टपाल खाते आणि सरकारी कचेऱ्या यांचा बराचसा व्यवहार क्रमांकांवर चालू लागला होता. नाव चुकीचे लिहिले गेले तर वाचणाऱ्याच्या ते सहसा लक्षात येते, कारण शब्दाला अर्थ असतो. क्रमांकाला असा अर्थ नसतो. आठ अंकी खातेक्रमांकातील एक अंक बदलला, तर तयार होणारा क्रमांकही तितकाच खरा दिसतो आणि बहुधा दुसऱ्या कोणाचा तरी असतो. परिणामी एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जमा होते आणि चूक उघडकीस येईपर्यंत बराच काळ लोटतो.

माणसाच्या हातून क्रमांक लिहिताना होणाऱ्या चुकांना ठरावीक वळण असते. सर्वाधिक वेळा एखादा अंक चुकीचा लिहिला जातो, उदाहरणार्थ १ च्या जागी ७. त्याखालोखाल शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल होते, उदाहरणार्थ ५८ च्या जागी ८५. डच गणिती याकोबस व्हेरहूफ यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्या प्रकाराच्या चुका एकूण चुकांच्या सुमारे ७९ टक्के आणि दुसऱ्या प्रकाराच्या सुमारे १० टक्के आढळल्या होत्या. म्हणजे या दोन प्रकारांना आवर घातला की बहुतेक चुका पकडल्या जातात.

क्रमांकातील सर्व अंकांची नुसती बेरीज करून तिचा एकक अंक शेवटी जोडला, तर पहिल्या प्रकारची चूक सापडते; दुसरी मात्र सापडत नाही, कारण अंकांची जागा बदलल्याने बेरीज बदलत नाही. त्यामुळे अंकाच्या किमतीबरोबर त्याच्या स्थानालाही गणितात जागा देणे आवश्यक होते.

लून यांनी ६ जानेवारी १९५४ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. २३ ऑगस्ट १९६० रोजी त्यांना अमेरिकेचे २९,५०,०४८ क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्याचे शीर्षक कॉम्प्युटर फॉर व्हेरिफाइंग नंबर्स असे होते. येथे कॉम्प्युटर म्हणजे आजच्या अर्थाचा संगणक नसून हातात धरून वापरायचे एक छोटे यांत्रिक साधन होय. विजेशिवाय चालणाऱ्या या साधनाच्या मदतीने कारकुनाला क्रमांकाचा पडताळा जागच्या जागी घेता यावा, अशी ही योजना होती.

लून सूत्राची रीत

लून सूत्रासाठी बेरीज, दुप्पट आणि दहाने भागाकार एवढेच गणित लागते. मूळ क्रमांक ५८२६१३ आहे असे मानू. त्याचा पडताळणी अंक पुढीलप्रमाणे काढतात.

१. उजवीकडच्या टोकापासून सुरुवात करून एकाआड एक अंकाची दुप्पट करावी. येथे ३, ६ आणि ८ या अंकांची दुप्पट ६, १२ आणि १६ अशी होते.

२. दुप्पट दोन अंकी आल्यास तिच्या दोन अंकांची बेरीज घ्यावी. १२ चे १ + २ = ३ आणि १६ चे १ + ६ = ७ होतात.

३. राहिलेले अंक, म्हणजे १, २ आणि ५, तसेच ठेवून सर्वांची बेरीज करावी. ६ + १ + ३ + २ + ७ + ५ = २४.

४. ही बेरीज दहाच्या पटीत नेण्यासाठी जो अंक मिळवावा लागतो, तो पडताळणी अंक. २४ मध्ये ६ मिळवल्यास ३० होतात. म्हणून पडताळणी अंक ६ आणि पूर्ण क्रमांक ५८२६१३६.

पडताळा घेताना हीच रीत पूर्ण क्रमांकाला लावतात. शेवटचा पडताळणी अंक तसाच ठेवून त्याच्या डावीकडच्या अंकापासून दुप्पट सुरू करायची. एकूण बेरजेला दहाने नि:शेष भाग गेला, तर क्रमांक नियमाप्रमाणे आहे. समजा, वरील क्रमांकातील १ हा ७ असा वाचला गेला. मग बेरीज ३० ऐवजी ३६ येते आणि चूक कळते. सुरुवातीच्या ५ व ८ यांची अदलाबदल झाली, तर बेरीज २७ येते आणि तीही चूक कळते.

दुपटीच्या अंकांची बेरीज घेण्याची पायरी वरवर अनावश्यक वाटते. प्रत्यक्षात सूत्राचे मर्म तिच्यात आहे. केवळ दुप्पट करून एकक अंक घेतला, तर १ आणि ६ या दोहोंपासून २ हाच अंक मिळतो. तसेच २ व ७, ३ व ८ अशा जोड्याही एकरूप होतात आणि त्यांतली एकमेकांच्या जागी झालेली चूक निसटते. अंकांची बेरीज घेतल्यावर मात्र ० ते ९ या अंकांपासून अनुक्रमे ०, २, ४, ६, ८, १, ३, ५, ७, ९ असे दहा निरनिराळे अंक मिळतात. एकही अंक दोनदा येत नाही. म्हणून कोणताही एक अंक बदलला तरी बेरीज बदलतेच.

सूत्राची व्याप्ती आणि मर्यादा

लून सूत्र एका अंकाची प्रत्येक चूक पकडते. शेजारच्या भिन्न अंकांच्या अदलाबदलीपैकी केवळ ०९ चे ९० किंवा ९० चे ०९ होणे हीच चूक त्यातून निसटते, कारण ० व ९ यांची दुप्पट केल्यावरही शेवटी ० व ९ हेच अंक मिळतात. एकसारख्या जोड्यांच्या बाबतीत २२ चे ५५, ३३ चे ६६ आणि ४४ चे ७७ झाल्यास तेही कळत नाही. दोन ठिकाणी एकाच वेळी झालेल्या चुका कधीकधी एकमेकींना झाकून टाकतात. मनाने लिहिलेल्या दहा क्रमांकांपैकी सरासरी एक क्रमांक या कसोटीला उतरतो.

या शेवटच्या मर्यादेतून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. लून सूत्राचा हेतू अनवधानाने होणारी चूक ओळखणे हा आहे. फसवणूक रोखणे हा नाही. रीत सर्वांना ठाऊक असल्याने नियमात बसणारा क्रमांक कोणालाही तयार करता येतो. एखाद्या कार्डाचा क्रमांक कसोटीला उतरला, म्हणजे ते कार्ड खरे आहे, चालू आहे किंवा सांगणाऱ्या व्यक्तीचेच आहे, असे सिद्ध होत नाही. तो क्रमांक बहुधा नीट उतरवला गेला आहे, एवढेच त्यातून समजते. खरेखोटेपणाची तपासणी बँकेकडील नोंदी, गुप्त संकेत व अन्य उपायांनीच करावी लागते.

पेटंटची मुदत संपल्यावर हे सूत्र सर्वांना मुक्तपणे वापरता येऊ लागले. देयक कार्डांच्या क्रमांकांसाठी असलेल्या आयएसओ/आयईसी ७८१२ या आंतरराष्ट्रीय मानकात त्याचा समावेश आहे. मोबाइल संचाच्या १५ अंकी आयएमईआय क्रमांकातील शेवटचा अंक आणि कॅनडातील सामाजिक विमा क्रमांकाचा शेवटचा अंकही लून सूत्रानेच निघतो. भारतातील आधार क्रमांकात मात्र व्हेरहूफ यांची रीत वापरली आहे. ती अधिक गुंतागुंतीची असून शेजारच्या अंकांची कोणतीही अदलाबदल तिच्यातून निसटत नाही.

किरकोळ विक्रीतील बारकोडशी तुलना

दुकानातील वस्तूंवरच्या बारकोडचा पडताळणी अंक लून सूत्राने काढला जातो, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. बारकोडची मूळ कल्पना नॉर्मन जोसेफ वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर यांची असून तिचे पेटंट ७ ऑक्टोबर १९५२ रोजी देण्यात आले. वुडलँड १९५१ पासून आयबीएममध्येच होते. किराणा वस्तूंसाठीचा १२ अंकी यूपीसी संकेत पुढे जॉर्ज लॉरर यांच्या नेतृत्वाखाली याच कंपनीत आकाराला आला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय येथील मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमच्या एका पाकिटावरील संकेत प्रथम यंत्राने वाचून विक्री झाली. त्या वेळी लून यांच्या निधनाला जवळजवळ दहा वर्षे झाली होती.

भारतात सामान्यतः दिसणाऱ्या १३ अंकी बारकोडमध्ये पहिले १२ अंक ओळखीचे आणि तेरावा पडताळणीचा असतो. जीएस१ इंडिया या संस्थेकडे नोंदलेल्या क्रमांकांची सुरुवात ८९० ने होते. या आरंभीच्या अंकांवरून नोंदणी कोठे झाली ते समजते. माल कोठे तयार झाला हे त्यावरून निश्चित सांगता येत नाही.

उदाहरणादाखल ८९०१२३४५६७८९ हे १२ अंक घेऊ. डावीकडून विषम स्थानांवरील अंकांची बेरीज ८ + ० + २ + ४ + ६ + ८ = २८ होते. सम स्थानांवरील अंकांची बेरीज ९ + १ + ३ + ५ + ७ + ९ = ३४ होते; तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. ही संख्या दहाच्या पटीतच असल्याने पडताळणी अंक ० येतो आणि पूर्ण क्रमांक ८९०१२३४५६७८९० असा होतो. एकूण बेरीज १३२ आली असती, तर १४० पर्यंत नेण्यासाठी ८ हा अंक घ्यावा लागला असता.

येथे दुपटीऐवजी तिप्पट घेतली आहे. ० ते ९ या अंकांची तिप्पट केल्यास एकक स्थानी अनुक्रमे ०, ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७ असे दहा वेगळे अंक मिळतात. त्यामुळे दोन अंकी गुणाकाराच्या अंकांची पुन्हा बेरीज करण्याची गरज उरत नाही आणि गणित सोपे होते. या सोपेपणाची किंमत मात्र मोजावी लागते. ज्यांच्यात ५ चा फरक आहे अशा शेजारच्या अंकांची अदलाबदल बारकोडच्या रीतीत कळत नाही. १६ मध्ये १ + (६ × ३) = १९ आणि ६१ मध्ये ६ + (१ × ३) = ९ येतात; दोहोंत नेमका १० चा फरक असल्याने शेवटचा अंक तोच राहतो. दोन भिन्न अंकांच्या एकूण ४५ जोड्यांपैकी ०-५, १-६, २-७, ३-८ व ४-९ या पाच जोड्या बारकोडच्या रीतीतून निसटतात; लून सूत्रातून ०-९ ही एकच जोडी निसटते.

दुकानातील वापरासाठी ही उणीव मोठी ठरत नाही. बारकोड बहुतेक वेळा यंत्रच वाचते आणि अंकांची अदलाबदल ही प्रामुख्याने माणसाच्या हातून होणारी चूक आहे. पट्ट्या चुरगळल्या किंवा पुसट झाल्या आणि गल्ल्यावरील कर्मचाऱ्याला क्रमांक हाताने भरावा लागला, तरच अदलाबदलीचा संभव वाढतो. कार्डाचा किंवा खात्याचा क्रमांक मात्र माणसे वारंवार सांगतात, ऐकतात आणि लिहितात. १ जानेवारी २००७ पासून पुस्तकांचा आयएसबीएन १३ अंकी झाला. तेव्हापासून ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारे क्रमांक धारण करणारी मराठी पुस्तकेही बारकोडच्या याच रीतीने तपासता येतात.

हॅश पद्धती

जानेवारी १९५३ मध्ये लून यांनी आयबीएममध्ये एक अंतर्गत टिपण सादर केले. संगणकातील नोंदी सरसकट एका यादीत न ठेवता लहान लहान कप्प्यांत विभागाव्यात आणि कोणती नोंद कोणत्या कप्प्यात जाईल हे त्या नोंदीवरूनच गणिताने ठरवावे, अशी ती सूचना होती. ही रीत पुढे हॅश पद्धती म्हणून रूढ झाली.

ही कल्पना एका सोप्या उदाहरणाने समजते. सभासद क्रमांक ४७२५८६ असेल, तर त्याच्या अंकांच्या जोड्या करून ४ + ७ = ११, २ + ५ = ७ आणि ८ + ६ = १४ अशा बेरजा घेता येतील. त्यांचे एकक अंक १, ७ व ४ असल्याने ही नोंद १७४ क्रमांकाच्या कप्प्यात ठेवावी. पुढे ती शोधताना सर्व नोंदी चाळाव्या लागत नाहीत. तेच गणित करून सरळ १७४ व्या कप्प्याकडे जाता येते. एकाच कप्प्यात दोन नोंदी आल्यास त्या एकामागून एक साखळीसारख्या जोडाव्यात, असेही लून यांनी सुचवले होते.

पडताळणी अंक आणि हॅश यांच्यात जवळचे नाते आहे. दोहोंतही मोठ्या क्रमांकापासून गणिताने एक छोटी खूण तयार होते. पहिल्यात ती खूण चूक ओळखण्यासाठी, तर दुसऱ्यात जागा ठरवण्यासाठी उपयोगी पडते.

क्विक सूची आणि यंत्रकृत सारांश

दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्रीय नियतकालिकांची संख्या इतकी वाढली की, आपल्या विषयावर काय प्रसिद्ध झाले आहे हे संशोधकांना कळेनासे झाले. तज्ज्ञांनी प्रत्येक लेख वाचून सूची करेपर्यंत ती जुनी होत असे. लून यांनी यावर यंत्राच्या साहाय्याने मार्ग काढला.

त्यांची क्विक सूची हे कीवर्ड इन कॉन्टेक्स्ट या नावाचे संक्षिप्त रूप आहे. या सूचीत लेखाचे शीर्षक त्यातील प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाखाली एकदा येते आणि त्या शब्दाच्या मागचे-पुढचे शब्दही सोबत दिसतात. महाराष्ट्रातील कापूस पिकावरील कीड असे शीर्षक असेल, तर ते महाराष्ट्र, कापूस, पीक आणि कीड या चारही शब्दांखाली सापडेल. शीर्षकातील शब्दांवरून सूची करण्याची कल्पना ग्रंथपालांना एकोणिसाव्या शतकापासून माहीत होती; लून यांनी ती संगणकाकडून करवून घेतली. १९५८ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय माहिती परिषदेत या प्रकारच्या सूचीची ओळख झाली. हर्बर्ट ओल्मन यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तशीच सूची तयार केली होती. १९६१ पासून केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स सर्व्हिस या संस्थेने केमिकल टायटल्स हे नियतकालिक क्विक पद्धतीने काढण्यास सुरुवात केली.

एप्रिल १९५८ मध्ये लून यांनी आयबीएमच्या संशोधनपत्रिकेत लेखांच्या यंत्रकृत सारांशाची रीत मांडली. लेखात वारंवार येणारे शब्द त्याचा विषय दाखवतात, हे तिचे गृहीतक होते. आणि, आहे, तर यांसारखे सर्वत्र आढळणारे शब्द आधी वगळायचे. क्वचित येणारे शब्दही सोडायचे. मधल्या गटातील शब्द ज्या वाक्यांत दाटीने आले असतील, ती वाक्ये निवडून सारांश म्हणून छापायची. या रीतीत यंत्र स्वतः वाक्य रचत नाही आणि मजकुराचा अर्थही जाणत नाही. त्यामुळे सारांश तुटक होत. तरीही शब्दांच्या मोजणीतून मजकुराच्या आशयापर्यंत पोहोचण्याचा हा एक पायाभूत प्रयत्न मानला जातो.

निवडक माहिती प्रसारण

ऑक्टोबर १९५८ च्या अंकात लून यांनी बिझनेस इंटेलिजन्स सिस्टिम या शीर्षकाचा लेख प्रसिद्ध केला. मोठ्या संस्थेत येणारे प्रत्येक कागदपत्र यंत्राने वाचावे, त्याचा विषय ओळखावा आणि ज्या व्यक्तीला त्याची गरज आहे तिच्याकडे ते आपोआप पोहोचवावे, अशी ती योजना होती. त्यासाठी प्रत्येक व्यक्तीच्या कामाचे व आवडीचे शब्दांकन यंत्रात साठवायचे आणि नव्या कागदपत्रातील शब्दांशी ते ताडून पाहायचे. वाचकाने काय स्वीकारले त्यावरून हे शब्दांकन सुधारत जावे, अशीही सोय त्यात होती.

यातूनच निवडक माहिती प्रसारण ही ग्रंथालय सेवा विकसित झाली. क्विक सूची आणि ही सेवा हे दोन्ही विषय भारतातील विद्यापीठांच्या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात शिकवले जातात.

अखेरची वर्षे

लून १९६१ साली आयबीएममधून निवृत्त झाले. निवृत्तीनंतरही माहितीशास्त्राच्या क्षेत्रात ते कार्यरत राहिले. १९६४ साली ते अमेरिकन डॉक्युमेंटेशन इन्स्टिट्यूट या संस्थेचे अध्यक्ष होते. अध्यक्षपदाच्या वर्षातच, १९ ऑगस्ट १९६४ रोजी, आर्मोंक येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी संस्थेने आपला पहिला गुणगौरव पुरस्कार त्यांना मरणोत्तर दिला. त्यांच्या निवडक लेखनाचा क्लेअर शुल्ट्झ यांनी संपादित केलेला संग्रह १९६८ साली प्रकाशित झाला.

मूल्यमापन

लून यांची बहुतेक कामे संगणक दुर्मीळ, महाग आणि अल्प स्मृतीचे असतानाची आहेत. छिद्रित कार्डांच्या यंत्रांकडून करवून घेता येईल तेवढेच गणित वापरायचे, ही त्या काळाची अट होती. त्यांच्या रीतींमधील साधेपणा काही अंशी या अटीतून आला आणि त्या टिकून राहण्याचे कारणही तोच साधेपणा आहे. अर्थ समजून न घेता केवळ शब्द मोजण्यावर भर दिल्याबद्दल त्यांच्या सारांश व सूचींवर मर्यादित असल्याची टीका होते. नंतरच्या संशोधकांनी वाक्यरचना, शब्दांचे परस्परसंबंध आणि संख्याशास्त्र यांची भर घालून या रीती पुष्कळ पुढे नेल्या.

लून यांची कीर्ती आज मुख्यतः एका अंकाच्या सूत्राशी निगडित आहे. हॅश पद्धती, क्विक सूची आणि निवडक माहिती प्रसारण यांच्याशी त्यांचे नाव सहसा जोडले जात नाही. संकेतस्थळावर कार्डाचा क्रमांक भरताना एखादा अंक चुकला, तर बँकेकडे विचारणा जाण्यापूर्वीच चूक दाखवली जाते. हे काम बहुधा लून सूत्र करते. त्यासाठी बँकेची कोणतीही नोंद पाहावी लागत नाही. क्रमांकाचे अंक तेवढे पुरतात.